विल्फ्रिदोच्या भिंतीवरची हार्प

पराग्वेतल्या इताकुआ गावात न्या ओब्दुलियाच्या, म्हणजे ओब्दुलियाबाईंच्या, हातची चिपा खाल्ली नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिच्या जिभेचा पट्टा ज्याच्यावर कधी चालला नाही असाही सापडणं कठीण. अंगणातल्या मातीच्या भट्टीतून चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या पिठाच्या पावाची, गरम कडी काढायची, टोपलीत पांढऱ्या फडक्याखाली रचायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि राजधानी असुन्सिओनला जाणाऱ्या बसगाड्यांत चढून विकायची, हा तिचा जन्मभराचा धंदा. ड्रायव्हर तिच्यासाठी गाडी थांबवत, कंडक्टर तिला वचकून असत. गावात ती सगळ्यांना चिपा द्यायची, भांडण झालेल्या जावेलासुद्धा. फक्त एका माणसाला नाही. तो म्हणजे कोपऱ्यावरच्या बारचा मालक विल्फ्रिदो गार्सेते. त्याच्या दारावरून जाताना ती टोपलीवरचं फडकं घट्ट ओढून घ्यायची. नुसत्या वासानंही त्याचं भलं होऊ नये, अशी तिची इच्छा होती.

कारण त्या बारच्या भिंतीवर, बाटल्यांच्या फळीच्या वर, तिच्या नवऱ्याची हार्प टांगलेली होती.

नवरा क्रिस्पुलो हा देवमाणूस. देवमाणसाशी संसार करणं किती जाचाचं असतं, ते ओब्दुलियाला विचारावं. गावातलं एकही लग्न, एकाही संताचा उत्सव त्याच्या हार्पशिवाय होत नसे. बापाकडून आलेलं ते वाद्य, सीडर लाकडाचं, खांद्याला टेकवून तो वाजवायला बसला की भांडायला उठलेली माणसंही परत खाली बसत. आणि हे वाद्य त्यानं एका फुटबॉलच्या मॅचवर लावलं.

ती मॅच अमेरिका खंडाच्या चषकातली होती, उपांत्यपूर्व फेरीची. पराग्वे आणि इक्वाडोर. विल्फ्रिदोच्या बारमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. क्रिस्पुलो ग्लासभर उसाची दारू पिऊन छाती ठोकत होता, "आज आपण जिंकणार म्हणजे जिंकणारच!"

"लावतोस पैज, उस्ताद?" विल्फ्रिदोनं विचारलं. "मॅच आपण जिंकली तर माझी मोटारसायकल तुझी. नाही जिंकली तर हार्प माझी."

भोळ्या माणसानं तिथल्या तिथे हात पुढे केला. मॅच एक-एक अशी सुटली, मग पेनल्ट्या झाल्या, आणि पेनल्ट्यांवर पराग्वे जिंकला. क्रिस्पुलो टेबलावर चढून नाचला. नाचून झाल्यावर घाम पुसत काउंटरपाशी आला आणि त्यानं मोटारसायकलची किल्ली मागितली.

विल्फ्रिदो ग्लास पुसत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "मॅच बरोबरीत सुटली, उस्ताद. मॅच नव्वद मिनिटांची असते. पेनल्ट्या असतात त्या फक्त पुढच्या फेरीत कुणी जायचं ते ठरवायला. आपली पैज मॅच जिंकण्याची होती."

"अरे, सगळा देश रस्त्यावर आलाय!" क्रिस्पुलो म्हणाला. "बरोबरीसाठी कधी कुणी नाचतं का?"

त्यावर बारमधला एकजण हसला, मग दुसरा, मग सगळेच. विल्फ्रिदोला हा नियम कसा ठाऊक होता? असुन्सिओनच्या एका सट्टाघरात तो स्वतः असाच गंडला होता. स्वतःला लागलेला काटा त्यानं जपून ठेवला होता, दुसऱ्याच्या पायात घालायला.

पण ओब्दुलियाला खरी आग लागली ती दुसऱ्या दिवशी. क्रिस्पुलोनं हार्प स्वतः खांद्यावर घेतली आणि स्वतः नेऊन दिली. "शब्द दिला होता," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून गाव त्याला 'बरोबरीवाला' म्हणू लागलं. पोरंटोरं म्हणत, पाद्रीही एकदा चुकून म्हणाला. आणि विल्फ्रिदोनं काय करावं? हार्पच्या खाली भिंतीवर त्यानं लाल रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'मॅच नव्वद मिनिटांची. बाकी सगळा नाच.' बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की तो ती गोष्ट रंगवून सांगायचा, आणि गिऱ्हाईक आणखी एक बिअर मागवायचं.

क्रिस्पुलोनं नवीन हार्प घेतली नाही. तो बायकोच्या हाताखाली चिपाचं पीठ मळू लागला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "गेलं ते गेलं. मी विसरून गेलो." लग्नांतून आता स्पीकर वाजू लागले. कधी कधी पीठ मळताना त्याची बोटं परातीच्या काठावर आपोआप चालायची, आणि ओब्दुलिया ते पाहून न पाहिल्यासारखं करायची. मनात मात्र विल्फ्रिदोला चुलीत घालायची, भट्टीत घालायची, वरून झाकण लावायची.

अशी चार-पाच वर्षं गेली. एक दिवस तिची भाची सुनिल्दा राहायला आली. ही पोरगी असुन्सिओनमध्ये सट्टाघराच्या खिडकीवर बसायची. बोलता बोलता ती हसत सांगू लागली, "मावशी, दर स्पर्धेत तोच तमाशा. मॅच पेनल्ट्यांवर जिंकली की लोक तिकिटं नाचवत येतात आणि शिव्या घालत परत जातात. आम्ही काच खाली करून बसतो."

ओब्दुलियाच्या हातातलं पीठ थांबलं. "नीट सांग. पहिल्यापासून."

"अगं, 'मॅच कोण जिंकणार' ही एक पैज, आणि 'पुढे कोण जाणार' ही वेगळी पैज. पहिलीत फक्त नव्वद मिनिटं आणि पंच वाढवून देतो ती मिनिटं धरतात. पेनल्ट्यांचे गोल त्यात धरतच नाहीत. या चषकात तर अंतिम मॅच सोडली तर जादा वेळही नसतो, बरोबरी झाली की थेट पेनल्ट्या."

"म्हणजे विल्फ्रिदोनं फसवलं नव्हतं?"

"नियमानं नाही. पण त्यानं सांगायला हवं होतं ना, आधी."

"आणि बरोबरीवर कोण पैसे लावतं?"

सुनिल्दा खदखदून हसली. "आपल्या देशाच्या मॅचवर? कुणी म्हणजे कुणी नाही! आपला माणूस आपण हरू यावर लावणार नाही, आणि बरोबरीवर लावायची तर त्याला लाजच वाटते. वास्तविक बाद फेरीत दोन्ही संघ घाबरून खेळतात, बरोबऱ्या ढीगभर होतात. 'जिंकणार नाही' म्हणणाऱ्याकडे हार आणि बरोबरी, दोन्ही येतात. पण छातीवर लाल-पांढरे पट्टे असले की माणसाला मोजता येत नाही, मावशी."

त्या दिवशी चिपा जरा करपली. ओब्दुलियाचं लक्षच नव्हतं.

पुढच्या चषकाला पराग्वे पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत पोचला. समोर कोलंबिया होता. मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी, बार भरलेला असताना, ओब्दुलिया इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून आत शिरली. डोक्यावर टोपली तशीच.

"या, न्या ओब्दुलिया!" विल्फ्रिदोनं हात पसरले. "आज कुठल्या संताचा वार?"

"उद्या आपण जिंकणार नाही," ती म्हणाली. नुसती म्हणाली नाही, ठणकावून म्हणाली.

बारमध्ये असा आवाज उठला की जणू कुणीतरी देवळात थुंकलं. एकजण म्हणाला, "म्हातारी चळली." दुसरा म्हणाला, "बरोबरीवाल्याची बायको, आणखी काय बोलणार?"

"आम्ही नाही जिंकणार?" विल्फ्रिदोच्या अंगात देशाच्या संघाचा तोच लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा होता. "तोंड आवरा, न्या ओब्दुलिया. या छपराखाली असं बोललेलं मला चालत नाही."

"मग लाव पैज. उद्याची मॅच आपण जिंकलो तर माझे हात चालतात तोवर रोज सकाळी तुझ्या बारमध्ये माझी चिपा, फुकट. नाही जिंकलो तर ती हार्प माझी. आणि ती तू स्वतः, तुझ्या खांद्यावर, माझ्या दारापर्यंत आणून द्यायची."

विल्फ्रिदोच्या तोंडाला पाणी सुटलं. तिची चिपा मिळाली तर सकाळचं सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे वळणार होतं. एक क्षण त्याच्या डोळ्यांत शंका चमकून गेली, हे ओब्दुलियानं नीट पाहिलं. तो मूर्ख नव्हता. बरोबरी कुणाकडे जाते हे त्याला कळत होतं. पण भरल्या बारमध्ये, अंगात तो सदरा घालून, 'आपण जिंकू याची खात्री नाही' असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

"कबूल!" तो ओरडला. "काकुपेच्या माउलीची शपथ!"

"नियम कुणाचा?"

त्यानं भिंतीकडे अंगठा दाखवला. "हा काय लिहिलाय! माझा. नव्वद मिनिटं. मी शब्द फिरवणारा नाही."

"वाच मोठ्यानं. मला चष्मा नाही."

त्यानं वाचलं. सगळ्यांनी ऐकलं. ओब्दुलियानं फडकं घट्ट ओढलं आणि ती निघाली.

घरी क्रिस्पुलोला तिनं काही सांगितलं नाही. पण गावात बातमी लपते होय? तो संध्याकाळभर तिच्याकडे बघत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "ओब्दू, देशाच्या विरुद्ध?"

"विल्फ्रिदोच्या विरुद्ध," ती म्हणाली. "मध्ये देश आला त्याला मी काय करू?"

मॅचच्या दुपारी दक्षिणेकडचा गार वारा सुटला होता. क्रिस्पुलो म्हणाला, मी घरीच रेडिओ ऐकतो. ओब्दुलिया शाल घेऊन बारमध्ये गेली आणि पहिल्या रांगेत, हार्पच्या बरोबर समोर बसली. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जागा नसल्यानं माणसं भिंतीला चिकटून उभी होती, पण तिच्या शेजारी कुणी बसेना.

अर्धी मॅच गोलाशिवाय गेली. मग पराग्वेनं कॉर्नरवरून डोक्यानं गोल केला. बार कोसळतो की काय असं वाटलं. विल्फ्रिदोनं बिअरची बाटली हलवून सगळ्यांवर उडवली आणि खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "सकाळी किती वाजता आणणार, न्या ओब्दुलिया? गरम हवी हं."

आयुष्यभर ती या सदऱ्यासाठी ओरडत आली होती. भाऊ वारला त्या आठवड्यातसुद्धा तिनं रेडिओ लावला होता. आणि आता ती शालीखाली हात जोडून कोलंबियासाठी प्रार्थना करत होती. "माउली, डिसेंबरात तुझ्याकडे अनवाणी चालत येते. फक्त एक गोल दे त्यांना. एकच. नंतर हवं तर त्यांचे पाय मोडून टाक." मिनिटं संपत आली. पंचानं वाढीव मिनिटांची पाटी दाखवली. विल्फ्रिदोनं काउंटरवर चिपासाठी रिकामी परडी आणून ठेवली होती, मुद्दाम तिला दिसेल अशी. त्या परडीकडे पाहताना ओब्दुलियाला वाटलं, आता हा माणूस मी मरेपर्यंत माझ्या हातचं खाणार, आणि मेल्यावरही गोष्ट सांगणार.

आणि मग कोलंबियाच्या एका बुटक्या पोरानं गर्दीतून चेंडू आत ढकलला.

"गोल!" ओब्दुलिया ओरडली. उभी राहून, दोन्ही हात वर करून, छातीतला सगळा दम लावून ओरडली. बारमध्ये दुसरा आवाज नव्हता. तिलाच तिचा आवाज ऐकू आला आणि ती चरकली, पण खाली बसली नाही. कुणीतरी "गद्दार!" म्हणून तिच्या दिशेनं शेंगदाणे फेकले. ते शालीवर पडले. तिनं ते झटकलेही नाहीत.

पंचाची शिट्टी वाजली. एक-एक. पैज तिथेच संपली होती. ती उठून हार्प मागू शकत होती. पण ती बसून राहिली, कारण नुसती हार्प घेऊन तिचं पोट भरणार नव्हतं. पराग्वे आता हरला असता तर विल्फ्रिदो बाकीच्यांबरोबर रडला असता, आणि रडणाऱ्या माणसाकडून वस्तू नेण्यात काय मजा? तिला तो तिथे उभा हवा होता, जिथे क्रिस्पुलो उभा होता. जिंकलेला, नाचलेला, घामेजलेला, आणि हातात काही नसलेला. म्हणून आता ती पुन्हा पराग्वेची झाली, सगळ्या बारमधल्या सगळ्यांपेक्षा जास्त.

पेनल्ट्या सुरू झाल्या. माणसं गुडघ्यांवर आली. आपला पहिला आत, त्यांचा पहिला आत. आपल्या दुसऱ्यानं चेंडू खांबावर हाणला आणि बारमध्ये हुंदका फुटला. ओब्दुलियानं माउलीला अनवाणी चालण्यावर आणखी एक मेणबत्ती कबूल केली. त्यांच्या तिसऱ्यानं चेंडू आकाशात पाठवला. चौथा आपल्या गोलकीपरनं पायानं अडवला. शेवटी आपला एक उंच, किडकिडीत बचावपटू आला, चेंडूला पापा देऊन मागे गेला आणि त्यानं चेंडू जाळीत मारला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. फटाके, भोंगे, मिठ्या, टेबलांवर पाय. विल्फ्रिदो काउंटरवर चढून नाचला. मग खाली उतरला, घाम पुसला आणि हसत हसत ओब्दुलियासमोर येऊन उभा राहिला. आनंदात आणि दारूत त्याचं भान गेलं होतं.

"जिंकलो! उद्यापासून चिपा, न्या ओब्दुलिया!"

"बरोबरी," ती म्हणाली.

"कसली बरोबरी? बाहेर बघा! सगळा देश रस्त्यावर आलाय! बरोबरीसाठी कधी कुणी नाचतं का?"

म्हणून टाकलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. कोपऱ्यातला एक म्हातारा, जो त्या जुन्या दिवशीही तिथेच बसला होता, तोंडातला घोट बाहेर उडेपर्यंत हसला.

ओब्दुलिया उठली. या क्षणासाठी तिनं किती दिवस वाक्यं जुळवली होती, पण आता घाई नव्हती. "विल्फ्रिदो, तूच सांग. पेनल्ट्यांवरचं जिंकणं हे जिंकणं, की नाही?"

त्यानं भिंतीवरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं.

"जिंकणं असेल तर त्या दिवशी माझा नवरा जिंकला होता. मग ती हार्प कधीच तुझी नव्हती, वर तुझी मोटारसायकलही आमची. जिंकणं नसेल, तर आज मी जिंकले. कुठलं हवं ते घे. मला दोन्ही चालतात."

एकजण हसला, मग दुसरा, मग सगळेच. पुढच्या फेरीत गेल्याच्या आनंदात माणसं हसायला कारण शोधतच होती. मघाशी जो शेंगदाणे फेकत होता तोच आता टेबल बडवून ओरडू लागला, "वाच ना, मालक! भिंतीवरचं वाच!" विल्फ्रिदोनं मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. सगळे त्याचेच मित्र होते, आणि एकाच्याही चेहऱ्यावर दया नव्हती. ओब्दुलियानं ते डोळे भरून पाहून घेतलं. खरं सांगायचं तर चिपा विकून, पोरं वाढवून, देवदर्शन करून तिला जे सुख कधी मिळालं नव्हतं, ते त्या दोन मिनिटांत मिळालं.

त्यानं स्टूल घेतलं आणि हार्प उतरवली. खांद्यावर घेतली. रस्ता माणसांनी फुलला होता. लोकांना वाटलं, बारवाला विजयाच्या आनंदात वाद्य घेऊन निघालाय. "वाजव रे, विल्फ्रिदो! वाजव!" असं ओरडत ते त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो मान खाली घालून चालत होता, आणि ओब्दुलिया दोन पावलं मागे होती. तिनं एकदाही त्याला वाट करून दिली नाही.

दारात क्रिस्पुलो उभा होता. हार्प पाहून त्याचा चेहरा हलला नाही. विल्फ्रिदोनं ती भिंतीला टेकवून ठेवली तेव्हा या देवमाणसानं काय म्हणावं? "दमला असशील. बस, माते-चहा घे. गरम आहे."

ओब्दुलियाच्या डोळ्यांतून ठिणग्या पडल्या. विल्फ्रिदो बसला नाही. काहीतरी पुटपुटून गेला.

तो गेल्यावर क्रिस्पुलो म्हणाला, "त्यांच्या गोलला एक बाई ओरडली म्हणे. इथपर्यंत ऐकू आलं."

"मीच ती."

"मी इथे रडत होतो, ओब्दू. गोल झाला तेव्हा."

तिला वाटलं, आता हा म्हणणार, परत देऊन ये. असं म्हणाला असता तर तिनं ती हार्प त्याच्या डोळ्यांदेखत भट्टीत घातली असती, हे तिनं मनाशी ठरवलंही होतं. "ओरडले," ती म्हणाली, "आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओरडेन. तुला माफ करायचं असेल तर कर. मी करणार नाही."

क्रिस्पुलो हार्पजवळ गेला. धूळ होती, तेलकट धूर बसला होता, खालच्या दोन तारा तुटल्या होत्या. त्यानं बाहीनं लाकूड पुसलं. त्याची पाठ तिच्याकडे होती.

"त्याला बोलायला लावलंस?" त्यानं विचारलं.

"काय बोलायला?"

"'बरोबरीसाठी कधी कुणी नाचतं का?' ते. अगदी तेच शब्द?"

ओब्दुलिया त्याच्याकडे बघतच राहिली. विसरून गेलो म्हणणारा माणूस. "अगदी तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"मग सगळे हसले?"

"पोट धरधरून."

"आधी कोण हसलं?"

तिनं सांगितलं. त्यानं ते पुन्हा सांगायला लावलं, विल्फ्रिदो काउंटरवर चढला तिथपासून. घाम कुठल्या हातानं पुसला, ते विचारलं. स्टूलवर चढताना पाय थरथरत होते का, ते विचारलं. तिनं प्रत्येक गोष्ट नीट सांगितली, थोडी वाढवूनही सांगितली. ऐकता ऐकता तो खुर्ची ओढून बसला आणि त्यानं हार्प खांद्याला टेकवली. पीठ मळून मळून बोटं जाड झाली होती. एकेक तार लावायला त्याला फार वेळ लागला.

"ओब्दू," तो म्हणाला, "खिडकी उघड."

"वारा गार आहे. तुला खोकला होईल."

"बारच्या बाजूची उघड. आणि दारही."